अम्माचा डावा हात

१

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकायला निघालेल्या बाईला लोक काय काय म्हणतात, ते सगळं मी ऐकून घेतलं आहे. चळ लागलाय, हे त्यातलं सगळ्यात सभ्य. आमच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, या वयाच्या बाईनं एकतर जावई शोधावा, नाहीतर भजनात टाळ कुटावेत. मला नवरा नाही, त्यामुळं जावयाचा प्रश्न नाही, आणि भजनाला मी जात नाही. मला दिवसातला एक तास हवा होता, ज्यात मला कुणी हाक मारणार नाही.

गिटारच का, तर माझ्या कारखान्याच्या मालकांच्या घरच्या लग्नात ऑर्केस्ट्रातल्या एका बाईच्या हातात ती पाहिली होती. बाई माझ्याच वयाची असेल. वाजवताना ती कुणाकडंच बघत नव्हती आणि त्याबद्दल तिला कुणी काही बोलतही नव्हतं. मला तिचा भयंकर हेवा वाटला.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर आहे. टॉवेलची कड दुमडायची आणि डाव्या हातानं मशीनखाली सारायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. दिवाळीच्या बोनसमधून एक जुनी गिटार घेतली आणि शुक्रवार पेठेत शरणप्पा सरांकडं दर रविवारी चारचा क्लास लावला. सर साठीचे. तीस वर्षं लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवून आता एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत शिकवतात.

पहिल्या दिवशी त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली, डाव्या हाताची बोटं तारांवर कशी दाबायची ते दाखवलं आणि म्हणाले, "ताई, आधीच सांगून ठेवतो. पयला महिना बोटं शिव्या देत्यात. तारा लोखंडाच्या, कातडीत रुतत्यात. भाकरी मोडताना सुदीक आग हुती. निम्मी मानसं तितंच पळून जात्यात. जो ऱ्हातो त्याच्या बोटाला घट्टे पडत्यात, मग काय न्हाय."

"मला सवय आहे दुखण्याची," मी म्हणाले.

"सगळे असंच म्हनत्यात," सर हसले.

माझी बोटं दुखली नाहीत. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या आठवड्यात नाही, महिना झाला तरी नाही.

२

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत अम्माची कॉट, मागच्या खोलीत ओटा, मोरी आणि माझी चटई. अम्मा म्हणजे माझी आई, नरसम्मा. सहा वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय आणि ओठाचा डावा कोपरा, तिन्ही गेले. जीभ शाबूत राहिली. देवाला निवड करायचीच होती, तर निदान मला विचारायचं तरी.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. इथं तिचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे, पण ते मुळात आहे त्यापेक्षा मऊ झालंय, हे ध्यानात ठेवावं.

सकाळी तिचं अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, चहात बुडवून बटर भरवायचं, गोळ्या द्यायच्या. मी कामावर गेले की शेजारची केराबाई अधूनमधून डोकावते. केराबाई सांगोल्याकडची, तोंडानं फटकळ आणि मनानं चांगली. माझा धाकटा भाऊ अंबादास भिवंडीला असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. फोनवरून त्याच्याइतकी आईची सेवा कुणी केली नसेल.

पाचनंतर मी घरी यायचे, चहा करायचे, अम्माची कूस बदलायचे आणि सहाला मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे. सहा ते सात गिटार.

"काय तुणतुणं आणलंस गं?" पहिल्या दिवशी अम्मा बाहेरून ओरडली. "भीक मागायला जानार हायस व्हय?"

पहिला आठवडा ती रोज बोलली. डोकं दुखतंय, पाणी पाहिजे, पाय आखडलाय, तार तोडून टाक. दुसऱ्या आठवड्यात मात्र ती सहा वाजले की गप्प व्हायला लागली. नव्याचे नऊ दिवस सरले, सवय झाली असेल, असं मी म्हटलं आणि खूश झाले. सहा वर्षांत मला मिळालेली ती पहिली शांतता होती.

अगदीच शांतता म्हणता येणार नाही. मी वाजवत असताना पुढच्या खोलीतून कॉटची पट्टी बारीक कुरकुरायची. मी थांबले की तीही थांबायची.

३

पाचव्या रविवारी सरांनी सगळ्यांची बोटं बघितली. माझ्या शेजारी बसणाऱ्या, बारावीतल्या अपेक्षानं दोन बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या. तिसऱ्या बोटावर तारेची लाल रेघ होती. सरांनी तिला शाबासकी दिली आणि माझा हात उलटा केला.

"घरी वाजवता का न्हाई, ताई?"

"रोज एक तास."

"मग ही बोटं लोण्यागत कशी?"

मला असा राग आला की गिटार त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. आयुष्यभर माझं काम कुणाला दिसलं नाही, आणि आता हाही म्हणतो वाजवत नाहीस. मी सरांनी दिलेली तीन कॉर्डची चाल वाजवून दाखवली. ई मायनर, सी, जी, पुन्हा ई मायनर. एकही तार बिघडली नाही. अपेक्षा तोंड उघडं टाकून बघत होती.

सर हसले नाहीत. माझ्या बोटांकडं बघत म्हणाले, "जागा बरोब्बर पडत्यात की. पन तुमचं ध्यान तितं न्हाई. दुसरंच कुनीतरी दाबल्यागत वाटतंय."

त्या संध्याकाळी मी दीड तास वाजवलं. मुद्दाम दुखावं म्हणून तारा इतक्या दाबल्या की मनगट थरथरायला लागलं. बोट उचललं की तारेची खूण दिसायची आणि बघता बघता भरून यायची, उशीवरचा खळगा भरून येतो तशी. दुखणं नाही, आग नाही. बोट तारेला लागलंय एवढंही धड कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्माचं अंग पुसायला घेतलं. तिच्या डाव्या हाताची मूठ सहा वर्षं मिटलेली. आत घाण साचू नये म्हणून मी अधूनमधून तेल लावून एकेक बोट सोडवते आणि तळवा पुसते. त्या दिवशी मूठ सोडवावी लागली नाही. हात चादरीवर उताणा पडला होता, बोटं उघडी.

चारही बोटांच्या टोकांवर आडव्या रेघा होत्या. तिसऱ्या बोटावर पाण्याचा फोड होता. पहिल्या बोटाची कातडी काळी पडून टणक झाली होती.

कॉटची पट्टी लागली असेल. मुंग्या असतील. म्हातारपणी कातडी पातळ होते. मी एकामागून एक कारणं मांडली आणि प्रत्येक कारण थोडा वेळ खरंही वाटलं.

"अम्मा, दुखतंय का?"

"मला कुटं काय कळतंय त्या हातातलं," ती म्हणाली. पण मी फोडावर मलम लावायला गेले तेव्हा तिनं हात मागं घेतला.

४

केराबाईला मी काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, आज सहाला जरा अम्माजवळ बसा. मी मागच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि चाल सुरू केली. दोन मिनिटांत केराबाई आत आली.

"थांब जरा," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बघून आली. "आता वाजीव."

मी वाजवलं. ती दारातच उभी राहून पुढच्या खोलीत बघत होती.

"महेश्वरे, अगं अम्माची बोटं चादरीवर नाचत्यात! तू थांबलीस की थांबत्यात. देव पावला गं बाई तुला."

देव नेमका कुणाला पावला होता, ते तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

गुरुवारी डॉक्टर येऊन गेले. संगीतानं मेंदूला चालना मिळते, असं पुष्कळ पेशंटच्या बाबतीत होतं, म्हणाले. मला हायसं वाटलं. शिकलेल्या माणसानं सांगितलं की भीतीसुद्धा औषधासारखी वाटते. अंबादासला फोनवर कळलं तेव्हा तो रडला. "अक्का, तू एक तास कशाला, दोन तास वाजव. दार उघडं ठेवून वाजव. अम्मासाठी वाजव."

झालं. माझा एकुलता एक तास, तोही अम्माच्या औषधात जमा. दार उघडं ठेवायचं ठरलं आणि कॉट सरकवून अम्माचं तोंड माझ्याकडं केलं.

शनिवारी मी एक गोष्ट करून पाहिली. करायला नको होती. उजवा हात मांडीवर ठेवला आणि नुसत्या डाव्या हातानं तारा दाबल्या. ई मायनर. सी. जी. तार छेडली नाही, त्यामुळं आवाज नव्हता. पंखाही बंद होता. मी मान उचलून उघड्या दारातून बघितलं. अम्माच्या डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर टेकली, मग तीन फाकली, मग करंगळी लांब गेली. आवाज नव्हता, तर मग मेंदूला चालना कशानं मिळत होती?

मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. ती हाताकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती आणि ओठांच्या चांगल्या बाजूनं हसत होती.

५

आमच्या शहराच्या पूर्व भागात विडीचं काम घरोघर. त्यातली एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. विडी कारखान्याचं मजुरीचं कार्ड एका बाईच्या नावाचं असतं आणि त्या कार्डावर तिच्या घरातल्या सगळ्या पोरींची बोटं राबतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पोरीच्या हाताला वळण लागतं, असं म्हणतात.

मी नऊ वर्षांची असताना अम्मानं मला आपल्या मागं बसवलं. मांडीवर पानतंबाखूचं सूप घ्यायचं, ओलं पान साच्यावर ठेवून कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळून टोक नखानं मुडपायचं. अम्मा रोज हजार विड्या वळते, असं सगळी गल्ली म्हणायची. त्यातल्या निम्म्या माझ्या असायच्या. सातवीत माझी शाळा सुटली ती त्याच सुपात. अंबादास बारावीपर्यंत शिकला, कारण मुलाच्या जातीला सूप मांडीवर घेणं शोभत नाही.

एका वर्षी सगळ्यात सफाईदार विड्या वळल्या म्हणून अम्माचा सत्कार झाला. तिला शाल आणि स्टीलचा डबा मिळाला. माईकसमोर तिनं दोन्ही हात पुढं केले आणि "सगळं ह्या बोटांचं," असं म्हणाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्या हातांना तंबाखूचा वास येत होता आणि मला वाटत होतं, आता अम्मा मागं वळून माझ्याकडं बघेल.

तिनं बघितलं नाही. त्या वेळी राग आला नव्हता. तो त्या शनिवारी आला, रश्श्याला फोडणी घालताना, इतक्या वर्षांनी, आणि मी ओट्याला धरून उभी राहिले. डाव्या हातानं धरलं होतं. ओट्याचा दगड गार आहे की गरम, मला कळलं नाही.

६

मंगळवारी कारखान्यात चहाची सुट्टी संपवून मी मशीनवर बसले. पांढऱ्या टॉवेलांची ऑर्डर होती. कड दुमडायची, सारायची, कड दुमडायची, सारायची. मशीन जरा जड चालतंय असं वाटलं, म्हणून मी पाय आणखी दाबला.

"महेश्वरीताई!" समोरच्या मशीनवरची पायल किंचाळली. "बोट! तुमचं बोट!"

मी खाली बघितलं. टॉवेल लाल झाला होता. माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट कडेबरोबर सुईखाली गेलं होतं आणि त्यावरून तीन टाके पडले होते. दोरा नखातून आरपार. मी शांतपणे मशीनचं चाक उलटं फिरवून सुई वर घेतली. माझं मलाच ते दुसऱ्या कुणाचं बोट सोडवल्यासारखं वाटलं. पायल रडत होती, मी नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली. बोटं, तळवा, मनगट. कुठंच काही नाही. मानेच्या मणक्याचा प्रॉब्लेम दिसतो, फोटो काढून घ्या, म्हणाले. मणका हा शब्द मी रिक्षात बसून घरापर्यंत जपत आणला.

घरी केराबाई दारातच भेटली.

"कुटं व्हतीस? किती फोन लावले! अम्मा लई वरडली आज. डावं बोट धरून गडाबडा लोळत व्हती. म्हनली, सुई खुपसली कुनीतरी. बघितलं तर बोटाला काय बी न्हाय."

"किती वाजता?"

"चा पिऊन कप इसळत व्हते बघ. सव्वाअकरा आसंल." मग तिचं लक्ष माझ्या हाताच्या पट्टीकडं गेलं. तिनं पट्टीकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आपल्या घरात निघून गेली. त्या दिवसापासून केराबाई आमच्या घरात पाय ठेवत नाही, दारातूनच हाक मारते.

७

मी गिटार कव्हरमध्ये घालून कपाटावर टाकली. म्हटलं, वाजवणं बंद केलं की हात परत येईल. बारा दिवस वाट बघितली. हात आला नाही. रोज सकाळी मी चहाच्या पातेल्याला बोट लावून बघायचे आणि रोज फक्त फोड यायचा. पुढं पुढं पकडही जायला लागली. कांदा धरता येईना, केसांचा अंबाडा घालता येईना. कारखान्यात मला शिलाईवरून उठवून घड्या घालायला बसवलं. तिथंही जमेना तेव्हा सुपरवायझर म्हणाला, बाई, बरं वाटेपर्यंत घरी बसा. त्या कारखान्यावर आम्हा दोघींचं पोट होतं.

अम्माचं मात्र काही मागं गेलं नाही. जेवढं तिच्याकडं आलं होतं, तेवढं तिचंच राहिलं. ती डाव्या हातानं पाण्याचा ग्लास धरायला लागली. पदर सारखा करायला लागली. आणि रोज सहा वाजले की म्हणायची, "वाजव."

मी नाही म्हटलं की ती जेवायची नाही. तिसऱ्या दिवशी अंबादासचा फोन आला.

"अक्का, तुझ्या एका तासानं म्हातारी उठून बसतीय आणि तू नाटकं करतीस?"

"माझा हात बधिर झालाय, अंबादास."

"मशीनवर बसून हुतंय तसं. तेल लाव. तू वाजव आधी."

आयत्या बिळावरच्या नागोबाला बीळ कुणी खणलं ते सांगून काय उपयोग? मी फोन ठेवला आणि अम्माच्या कॉटवर जाऊन बसले. दुपारची वेळ होती. उन्हानं पत्रा तडतडत होता.

"अम्मा, तुला ठाऊक आहे ना?"

तिनं डाव्या हातानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "सा वर्सं तू माझी कूस बदलतीस. परत्येक बारीला मी तुझ्या तोंडाकडं बघते. ही मरत का न्हाई, असं लिवलेलं असतंय तितं. खोटं हाय?"

खोटं नव्हतं. मी मान खाली घातली.

"मी न्हाई मरनार. मला बरं व्हायचंय," ती म्हणाली. आणि मग अगदी समजुतीच्या सुरात, लहानपणी सूप माझ्या मांडीवर ठेवताना बोलायची तसं, "तुला काय करायचाय गं त्यो हात? ना मांडीवर पोर, ना गळ्यात मंगळसूत्र. नुसता तुणतुण्यापायी?"

मी तिला मारलं असतं. खरंच मारलं असतं. पण मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते, आणि तिच्या बाजूचा माझा डावा हात, मारायला उचलायचा तो, मांडीवर पडून राहिला.

८

रविवारी क्लास बंद करते म्हणून सांगायला शुक्रवार पेठेत गेले. शरणप्पा सरांनी माझा हात धरून बघितला, सोडला, तो खाली लोंबला. त्यांनी पुन्हा धरला नाही. "डाक्टरला दाखवा, ताई," एवढंच म्हणाले आणि पंचा घेऊन आपले हात पुसले.

परत आले तेव्हा पाच वाजले होते. गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं. ई मायनर, सी, जी. मला वाटलं, कुणाच्या तरी मोबाइलवर लागलंय. घराजवळ आले तसं कळलं, ती माझ्या गिटारची जुनी तार आहे, जरा उतरलेली. सुरांच्या मध्ये बोट सरकल्याचा करकर आवाजही येत होता. चाल एकदा संपली आणि पुढं एफ वाजला. एफमध्ये पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. तो मला कधी जमला नव्हता.

केराबाई तिच्या उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून ती आत गेली आणि तिनं कडी लावली.

दारात अंबादासच्या चपला होत्या. मी आत डोकावले. अम्मा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर गिटार. उजवा हात तारांवर कसाबसा आपटत होता. तो तिचाच हात होता, सुरकुतलेला, शिरा वर आलेला, अडुसष्ट वर्षांचा. गिटारच्या दांड्यावर डावा हात होता. मनगट भरलेलं, कातडी घट्ट, नखं गुलाबी. तो हात त्या बाईचा नव्हता. मी उंबऱ्यावरच थांबून माझा डावा हात उजव्या हातानं उचलला आणि उजेडात धरून बघितला. कातडी लोंबत होती. मी तो पटकन पदराखाली झाकला.

"ये अक्का, ये!" अंबादासचे डोळे ओले होते. मीच खाली काढून दिली गिटार, म्हणाला. तो भिवंडीहून पेढे घेऊन आला होता. त्यानं एक पेढा माझ्या तोंडात घातला. "बघ, बघ तिची बोटं कशी चालतात! कोण म्हणेल, हिच्या अंगावरून वारं गेलं होतं?"

मी भिंतीशी जमिनीवर बसले. पेढा तोंडात फिरत राहिला. अंबादासला सगळं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण काय सांगणार होते? अम्मानं माझा हात नेला? त्यानं मला डॉक्टरकडं नेलं असतं, आणि डॉक्टर मणका म्हणाले असते.

चाल संपली. अम्मानं गिटार बाजूला ठेवली, डाव्या हातानं, अलगद. मग त्याच हातानं चादर बाजूला केली आणि आपल्या वाळून काटकी झालेल्या डाव्या पायाकडं बघत बसली. बघता बघता तिनं मान वर केली.

"अंबादास," ती म्हणाली, "पायानं वाजवायचं काय असतंय का रे?"

"असतं की अम्मा! पायपेटी. खाली पायानं भाता मारायचा, वर हातानं वाजवायचं." तो एकदम उत्साहात आला. "अक्काला शिकवूया. नाहीतरी आता घरीच आहे ती. आमच्या तिकडं एकाकडं जुनी आहे, मी विचारतो त्याला."

अम्मा माझ्याकडं बघत होती. तिच्या ओठांचा डावा कोपराही आता जरासा वर गेला होता.

मी बसल्या जागी डावा पाय पोटाशी ओढून घेतला आणि उजव्या हातानं घट्ट धरून ठेवला. अंबादासनं तोवर फोन लावलासुद्धा.